गिरनारचा मुक्काम: तळेटीत की जुनागढमध्ये?

गिरनारला जाऊन आल्याचं कळलं की लोक आधी पायऱ्या किती ते विचारतात. मग रोपवे चालू आहे का, डोली मिळते का, थंडी किती असते. आणि फोन ठेवता ठेवता, अगदी आत्ता सुचल्यासारखं, "बरं, राहायचं कुठे?" दत्तशिखराला निघालेला मराठी माणूस रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढतो, गुडघ्याचा पट्टा घेतो, सोसायटीचा जिना चढून सराव करतो आणि मुक्कामाचं मात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणतो. तिथे गेल्यावर बघण्यासारखं पुष्कळ आहे. रविवारी रात्री दहा वाजता मोकळी खोली मात्र सहसा दिसत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी भूगोल थोडक्यात. जुनागढ हे शहर. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, काळवा चौक, बाजार सगळं तिथे. शहराच्या गिरनार दरवाजातून बाहेर पडलं की रस्ता अशोकाच्या शिलालेखावरून, दामोदर कुंडावरून भवनाथ महादेवाकडे जातो. स्टेशनपासून हे अंतर सहा-सात किलोमीटर. भवनाथ आणि त्याच्या पुढची वस्ती म्हणजे तळेटी. पहिली पायरी इथे आणि रोपवेचं खालचं स्टेशनही इथेच. राहायला या दोनच जागा. सोमनाथला राहून गिरनार करून येऊ, असं काहीजण ठरवतात. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आहे. दहा हजार पायऱ्या उतरून आल्यावर पुन्हा दोन तास गाडीत पाय दुमडून बसायची तयारी असेल तरच तो विचार करा.

खोलीआधी वेळ ठरवा

कुठे राहायचं हे पहिल्या पायरीवर पाय कधी ठेवणार यावर ठरतं. तीन प्रकारचे यात्रेकरू असतात.

- रात्री चढणारे. मध्यरात्री एक ते तीनच्या दरम्यान निघायचं, उजाडता उजाडता दत्तशिखराच्या जवळ पोचायचं. उन्हाचा त्रास नाही. अनेक मराठी मंडळं असंच करतात. तुमचा हा बेत असेल तर तळेटीतच राहा. रात्री एक वाजता शहरातून रिक्षा मिळेल की नाही, या काळजीत संध्याकाळची झोप घालवण्यात अर्थ नाही.
- पहाटे निघणारे. चार-पाचच्या सुमाराला सुरुवात. थंडीच्या दिवसांत हे चांगलं जमतं. तळेटी सोयीची, पण आदल्या संध्याकाळीच रिक्षा ठरवून ठेवलीत तर शहरही चालेल.
- रोपवेने जाणारे. रोपवे रात्री नसतो, तो सकाळी सुरू होतो. त्यामुळे शहरातल्या बऱ्या हॉटेलात राहून, नाश्ता करून निघालं तरी बिघडत नाही.

रोपवेबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण त्यावर रात्रींचा हिशेब अवलंबून आहे. २४ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला हा रोपवे तुम्हाला अंबाजीपर्यंत नेतो, दत्तशिखरापर्यंत नाही. तिथून गोरखशिखर चढायचं, मग खोल उतरायचं, मग पुन्हा दत्तशिखराचा चढ. जवळपास निम्म्या पायऱ्या उरतातच आणि परतीला त्याच पुन्हा. शिवाय वारा वाढला की रोपवे बंद ठेवतात. पावसाळ्यात तर हे नेहमीचं. घरातल्या वयस्कर माणसांना रोपवेच्या भरवशावर नेत असाल तर एक रात्र जादा धरा आणि परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका.

खोली उतरतानाची बघा

बहुतेक जण चढायच्या आधीच्या झोपेसाठी खोली बघतात. माझं मत उलटं आहे. चढायच्या आधी झोप अशी लागतच नाही. उत्साह असतो, शेजारच्या खोलीत भजन चालू असतं आणि गजराआधी दहा मिनिटं जाग येतेच. खोलीची खरी गरज दुसऱ्या दिवशी दुपारी लागते.

मागे एकदा तळेटीतल्या एका यात्रीनिवासाला फोन करून मी विचारलं, "खाली रूम आहे का?" पलीकडून उत्साहात उत्तर आलं, "हा हा, खाली छे." पोचलो तर खोली तिसऱ्या मजल्यावर. गुजरातीत 'खाली' म्हणजे रिकामी. खालच्या मजल्याला ते 'नीचे' म्हणतात. व्यवस्थापक बिचारा खरंच बोलला होता. त्या दिवशी मी ते तीन मजले हसत चढलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला उतरून आलो आणि त्याच जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून पंधरा मिनिटं बसून राहिलो. संध्याकाळी चहासाठी खाली उतरलो तो पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत. समोरच्या इमारतीच्या जिन्यावर एक काकू तशाच उतरत होत्या. आम्ही दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही असं दाखवलं.

तेव्हा खोली ठरवताना या तीन गोष्टींवर अडून बसा:

1. तळमजला, नाहीतर चालू लिफ्ट. लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका, ती चालू आहे का तेही विचारा.
2. खुर्चीचा संडास. उतरून आल्यावर मांड्या भरून येतात. उकिडवं बसणं दोन दिवस जमत नाही. हे लिहायला संकोच वाटतो, पण परत आलेला प्रत्येकजण खासगीत हेच सांगतो.
3. खोली सोडायची वेळ. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून तो सविस्तर सांगतो.

काही धर्मशाळा खोलीचे चोवीस तास मोजतात. काहींची वेळ ठरलेली असते, सकाळी नऊ किंवा दहा. समजा, तुम्ही दुपारी चारला खोली घेतलीत आणि रात्री दोनला निघालात. मध्यम चालीच्या माणसाला जाऊन-येऊन आठ ते दहा तास लागतात, वर दर्शनाची रांग वेगळी. म्हणजे परत यायला दुपारचे बारा-एक होणार. चोवीस तासांच्या हिशेबात खोली तेव्हाही तुमचीच असते, अंघोळ करून दोन तास पडता येतं. ठरलेल्या वेळेच्या हिशेबात मात्र ती सकाळीच सुटलेली असते. मग दुसऱ्या दिवसाचं भाडं भरा, नाहीतर व्हरांड्यातल्या बाकावर बसा. असं असेल तर सरळ दोन दिवसांचीच खोली घ्या आणि ते पैसे यात्रेच्या खर्चात धरा. वरून धावतपळत खाली येण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पाय मुरगळतात ते उतरतानाच.

तळेटीत काय काय मिळतं

धर्मशाळा आणि यात्रीनिवास. वेगवेगळ्या समाजांच्या, संस्थांच्या धर्मशाळा भवनाथ परिसरात आहेत. स्वस्त, साध्या, पहिल्या पायरीपासून चालत जाण्याजोग्या. बऱ्याच ठिकाणी आपल्या समाजाच्या यात्रेकरूंना पहिलं प्राधान्य असतं, तो त्यांचा नियम आहे. त्यावर वाद घालू नका, पुढच्या दारी जा. गाद्या-चादरी मिळतात, पण अंथरायची एक चादर आपली असावी.

जैन धर्मशाळा. चढणीच्या साधारण मध्यावर नेमिनाथांचं मंदिर आहे, त्यामुळे तळेटीत जैन यात्रेकरूंची व्यवस्था मोठी आहे. काही ठिकाणी इतरांनाही खोली देतात. तिथे राहायचं तर तिथले नियम पाळायचे. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी, कांदा-लसूण-बटाटा नाही. तुमच्या पिशवीतली लसणाची चटणी आणि कांद्याची थालीपिठं तिथे उघडू नका. त्यांची स्वच्छता पाहिलीत तर चटणीचा विरह सोसवेल.

आश्रम. भवनाथमध्ये आश्रम बरेच आहेत आणि काहींचं अन्नक्षेत्र चालतं. जेवण प्रेमाने वाढतात. राहण्याची सोय मात्र जागेप्रमाणे आणि ओळखीप्रमाणे. बऱ्याचदा मोठा हॉल, सामाईक न्हाणीघर. तरुणांच्या गटाला हे उत्तम, आजी-आजोबांना नाही. भाडं न म्हणता 'भेट' म्हणतात. आकडा ठरलेला आहे की ऐच्छिक, हे आधीच नम्रपणे विचारून घ्या म्हणजे निघताना अवघडल्यासारखं होत नाही.

हॉटेलं. तळेटीत खासगी हॉटेलं, गेस्ट हाऊस आहेत. गर्दीच्या दिवशी त्यांचे दर चढतात आणि फोटोतली खोली प्रत्यक्षात मिळेलच असं नाही. खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढं पुरे.

तळेटीला राहिलात तर खिडक्या लावून घ्या आणि ओले कपडे गॅलरीत टाकून जाऊ नका. वानरं आहेत, आणि त्यांना तुमच्या सोवळ्याचं काही नाही. रात्री वस्तीबाहेर फिरायला जाऊ नका. गिरनारचं जंगल अभयारण्य आहे, त्यात सिंह आणि बिबटे राहतात.

जुनागढ शहर कुणासाठी बरं

शहरात हॉटेलं जास्त, निवड जास्त, लिफ्ट मिळण्याची शक्यता जास्त, डॉक्टर आणि औषधांची दुकानं जवळ. लहान मुलं बरोबर असतील, मधुमेह-रक्तदाबाची माणसं असतील, किंवा तुमच्यातला निम्मा गट चढणारच नसेल, तर शहर निवडा. खाली राहणाऱ्यांना वेळ घालवायला उपरकोट आहे, महाबत मकबरा आहे. अशोकाचा शिलालेख तर तळेटीच्या वाटेवरच. त्याच खडकावर रुद्रदामन आणि स्कंदगुप्ताचेही लेख आहेत. यात्रेकरू रिक्षातून त्याच्या शेजारून भुर्रकन निघून जातात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

गाडी अवेळी पोचणार असेल तर स्टेशनजवळच्या लॉजमध्ये चार तास काढून मग तळेटीत जावं, हाही चांगला मार्ग. मात्र चार तासांना पूर्ण दिवसाचं भाडं घेतात का ते विचारा.

या तारखांना 'बघू' चालत नाही

- रविवारची रात्र. कमंडलू कुंडावरची धुनी सोमवारी सकाळी उघडते. पिंपळाची लाकडं रचल्यावर अग्नी आपोआप प्रकट होतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ती गाठायची म्हणून महाराष्ट्रातले गट रविवारी तळेटीत उतरतात. धुनीचा आग्रह नसेल तर मधल्या वारी जा. खोलीही मिळेल आणि पायऱ्यांवर जागाही.
- पौर्णिमा, आणि त्यातही मार्गशीर्षातली दत्तजयंती.
- लीली परिक्रमा. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा, सुमारे ३६ किलोमीटरची जंगलातली वाट. या पाच दिवसांत तळेटीत पाय ठेवायला जागा नसते. परिक्रमा करायची नसेल तर या दिवसांत जाऊच नका.
- महाशिवरात्रीचा मेळा. माघ वद्य नवमीपासून चतुर्दशीपर्यंत. साधूंची मिरवणूक आणि मृगी कुंडातलं स्नान पाहायला प्रचंड गर्दी लोटते. वाहनं अलीकडेच थांबवतात, सामान घेऊन चालावं लागतं.
- दिवाळीची सुट्टी. गुजरातेत दिवाळीनंतर सगळं राज्य फिरायला बाहेर पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यासारखंच समजा.

फोनवर काय विचाराल

व्यवस्थापकाला बहुधा हिंदी समजतं. 'खाली'ची गंमत लक्षात ठेवून हे प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा:

- 'नीचे' म्हणजे तळमजल्यावर खोली आहे का?
- खोली चोवीस तासांची की ठरलेल्या वेळेपर्यंतची?
- रात्री मुख्य दरवाजाला कुलूप लागतं का? एक वाजता बाहेर पडायचं असेल तर कोण उघडेल?
- गरम पाणी किती ते किती? (उत्तर बहुधा 'सकाळी' असंच येईल. रात्री एकला अंघोळ करून निघायची तुमची पद्धत असेल तर थंड पाण्याची तयारी ठेवा.)
- खोली सोडल्यावर सामान ठेवायची सोय आहे का? कुलूपबंद की नुसतं काउंटरमागे?
- अनामत किती, परत कधी?
- एकट्या माणसाला खोली देता का?

शेवटचा प्रश्न एकट्याने जाणाऱ्यांनी, विशेषतः एकट्या बायकांनी, विसरू नये. बऱ्याच धर्मशाळा एकट्याला खोली देत नाहीत. दारात गेल्यावर नकार ऐकण्यापेक्षा फोनवर ऐकलेला बरा. अशा वेळी सरळ शहरातलं हॉटेल धरा आणि पहाटे निघणाऱ्या एखाद्या गटाबरोबर चढा.

परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील तर तेही आधी सांगा. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत सरकारी यंत्रणेकडे कळवण्याची जबाबदारी राहायला जागा देणाऱ्यावर असते. लहान धर्मशाळांना ती कटकट नको असते, म्हणून त्या नाही म्हणतात. हॉटेलांना त्याची सवय असते.

पैसे, पावती आणि फसवणूक

तीर्थक्षेत्रांच्या नावाने खोटी संकेतस्थळं आणि खोटे फोन नंबर चालवणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने याबद्दल इशारा दिला होता. त्यात सोमनाथच्या अतिथिगृहांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीचाही उल्लेख होता. गिरनारला जोडून सोमनाथ करणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. शोधयंत्रात सगळ्यात वर आलेला नंबर खरा असतोच असं नाही. जाऊन आलेल्या माणसाकडून नंबर घ्या. खासगी व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर पूर्ण रक्कम आगाऊ मागितली, "लगेच भरा नाहीतर खोली जाईल" अशी घाई केली, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

बाकी तुमचे हक्क साधेच आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत:

- भाड्याची आणि अनामतीची वेगवेगळी पावती मागा.
- ओळखपत्र द्यावं लागतंच, पण ते आधारच असायला हवं असं नाही. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना चालतो. आधारच द्यायचं तर पहिले आठ आकडे झाकलेली 'मास्क्ड' प्रत द्या. मूळ कार्ड काउंटरवर ठेवून जाऊ नका.
- दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. जुन्या १२ टक्क्यांचं बिल हातात पडलं तर विचारा.
- हॉटेलने आरक्षण घेऊन खोली नाकारली किंवा अनामत अडवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

तुमच्या बाजूनेही एक पथ्य आहे. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय बाटली बाळगणं हा गुन्हा आहे. यात्रेला निघालेल्यांना हे सांगावं लागू नये, पण यात्रेच्या बसमध्ये कोण कोण असतं ते तुम्हालाही माहीत आहे.

निघायच्या रात्री

संध्याकाळी उजेडात एकदा खोलीपासून पहिल्या पायरीपर्यंत चालत जाऊन या. अंधारात वाट शोधावी लागत नाही, आणि त्या दिवशी रात्री चढू देत आहेत का, वन विभागाची काही सूचना आहे का, तेही कळतं. डोली करायची असेल तर तेव्हाच बोलून घ्या. तिचा दर माणसाच्या वजनावर ठरतो, तेव्हा चारचौघांत काट्यावर उभं राहायची मनाची तयारी ठेवा. डोंगरावर प्लॅस्टिकच्या बाटल्या नेऊ देत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली घरूनच घ्या. जेवण आठच्या आत, हलकं. पिशवीत पाणी, विजेरी, गूळ-शेंगदाणे, स्वेटर आणि औषधं एवढंच. बाकीचं सामान खोलीत.

पहारेकऱ्याला निघायची वेळ झोपण्याआधी सांगा आणि त्याचं नाव विचारून ठेवा. रात्री एक वाजता 'ओ भाऊ' म्हणून हाका मारल्या की दुसऱ्याच मंडळातले चार भाऊ जागे होतात. आणि खोलीची किल्ली काउंटरवर न देता जमल्यास आपल्याजवळच ठेवा. तुम्ही दुपारी परत याल, तेव्हा काउंटरवरचा माणूस जेवायला गेलेला असेल.